ये-जा करणाऱ्या पैशाची बँक

बँक निवडायची म्हटलं की नजर आधी व्याजदरावर जाते. जाहिरातीत तोच आकडा सगळ्यांत मोठा छापलेला असतो आणि दोन आकड्यांची तुलना करायला डोकं लागत नाही. पण मुख्य खात्याच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ बिनकामाचा. ज्यात पगार जमा होतो, ज्यातून भाडं, हप्ते, वीजबिल, विमा जातो आणि ज्याचं कार्ड कायम खिशात असतं, ते मुख्य खातं. तिथे पैसा मुक्कामाला येत नाही. समजा वर्षभराची सरासरी शिल्लक ३,००० आहे, चलन कुठलंही धरा. एक बँक अर्धा टक्का व्याज देते, दुसरी तीन टक्के. वर्षाचा फरक झाला ७५. एखादा हप्ता एकदा परत गेला, बँकेने दंड लावला, ज्याला पैसे द्यायचे होते त्यानेही उशिराचा आकार लावला, की वर्षभराचे ते ७५ एका सकाळीत संपतात.

म्हणून साठवलेला पैसा आणि फिरता पैसा यांचा हिशेब वेगळा ठेवावा. साठवलेला पैसा जिथे व्याज बरं आणि ठेव विमा (बँक बुडाली तर ठेवी ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळण्याची हमी) पक्का तिथे ठेवावा. दर वर्षी जागा बदललीत तरी काही बिघडत नाही. फिरत्या पैशाची बँक सहसा दहा-वीस वर्षं बदलली जात नाही, आणि ती कशी आहे हे सुरळीत दिवशी कळत नाही. पगार आला, बिल गेलं, शिल्लक दिसली, एवढं सगळ्याच बँकांना जमतं. कार्ड हरवतं, हप्ता दोनदा कापला जातो, खातं गोठवलं जातं, नव्या फोनवर ॲप उघडत नाही, अशा दिवशी दोन बँकांमधला फरक दिसतो. निवड करताना तो दिवस डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न विचारायला हवेत.

सगळ्यांत आधी ठेव विमा, कारण त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. अमेरिकेत बँकेतल्या आणि क्रेडिट युनियन (सभासदांच्या मालकीच्या, बँकेसारख्या संस्था) मधल्याही ठेवींना २,५०,००० डॉलरपर्यंत संरक्षण आहे. युरोपीय संघात ही मर्यादा १,००,००० युरो, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंड, आणि भारतात फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये. हे आकडे बहुतेकांना माहीत असतात. ते मोजतात कसे, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. मर्यादा खात्याला नसते, ती एका संस्थेतल्या एका ठेवीदाराला असते. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती उघडली तरी बेरीज एकच. भारतात मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख, त्यामुळे बरोब्बर पाच लाखांची ठेव ठेवली की व्याज उघड्यावर राहतं. ब्रिटनमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या बँका एकाच परवान्यावर चालत असू शकतात, मग त्या सगळ्यांना मिळून एकच मर्यादा. पाटीवरचं नाव बघून भागत नाही, परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघावं लागतं. आणि भारतात सहकारी बँकांना हा विमा आहे, पतसंस्थांना नाही. दोन्हींचा काउंटर अगदी सारखा दिसतो, पासबुकसुद्धा तसंच असतं.

मर्यादेच्या आत असणं का महत्त्वाचं, ते २००७च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेच्या शाखांबाहेर ठेवी काढायला लागलेल्या रांगांत दिसलं. तेव्हाच्या ब्रिटिश योजनेत पहिले २,००० पौंड पूर्ण आणि पुढच्या ३३,००० पौंडांचे ९० टक्के एवढंच संरक्षण होतं. दहा टक्के बुडण्याची शक्यता असेल तर रांगेत उभं राहणारा माणूस घाबरट नसतो, त्याचं गणित बरोबर असतं. रांगा लागल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो ९० टक्क्यांचा नियम काढून टाकला गेला. २०२३च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या. तिथल्या बहुतेक ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेरच्या होत्या.

याहून फसवी जागा अलीकडे तयार झाली आहे. बँकेसारखं दिसणारं ॲप, ज्याला स्वतःचा बँकिंग परवानाच नाही. ग्राहकाचे पैसे ते दुसऱ्या बँकेत ठेवतं, आणि कुणाचे किती ही नोंद कधी कधी तिसरीच कंपनी ठेवते. सिनॅप्स ही अमेरिकेतली अशी मधली कंपनी २०२४च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. मे महिन्यात तिच्या आधारावर चालणाऱ्या ॲपच्या ग्राहकांना स्वतःच्या पैशाला हात लावता येईना. नोंदी आणि प्रत्यक्ष पैसे जुळेनात. ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तूट असल्याचा अंदाज न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी दिला. ठेव विम्याचा उपयोग झाला नाही, कारण बुडाली ती मधली कंपनी. बँका शाबूत होत्या, आणि विमा लागू होतो तो बँक बुडाल्यावर. ॲपवर ‘ठेवी विमा संरक्षित’ असं लिहिलेलं असलं तरी विचारायचं: परवाना कुणाचा, आणि माझ्या नावाची नोंद परवानाधारक बँकेच्या स्वतःच्या वहीत आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं सरळ ‘हो’ मिळालं नाही तर तिथे खर्चापुरते पैसे ठेवावेत, पगार नको.

आता दंड आणि शुल्क. शुल्कपत्रक प्रत्येक बँकेचं असतं, सात-आठ पानांचं, बारीक टाइपातलं. त्यातली किमान शिल्लक, वार्षिक कार्डशुल्क वगैरे सगळे वाचतात. खरी गोम शिल्लक अपुरी पडल्यावर काय होतं या कलमात असते. खात्यात १०० आहेत. एकाच दिवशी पाच रकमा वजा व्हायच्या आहेत: १०, १५, २०, २५ आणि ९०. लहान रक्कम आधी घेतली तर पहिल्या चार मिळून ७० जातात, ३० उरतात आणि फक्त ९०ची रक्कम अडते. दंड एकदा. मोठी आधी घेतली तर ९० वजा होऊन १० उरतात. मग २५ला पैसे कमी पडतात, आणि बँक उणे शिल्लक चालवून घेत असेल तर त्यानंतरच्या २०, १५ आणि १० या रकमाही उण्यातच जातात. दंड चार वेळा. ग्राहक तोच, खर्च तोच, बदलला तो फक्त क्रम. अमेरिकेत काही मोठ्या बँका हा मोठी-आधी क्रम मुद्दाम लावत असत आणि त्यावरून बरेच खटले झाले. म्हणून खातं उघडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: एका दिवसातल्या रकमा कुठल्या क्रमाने वजा होतात, दंड दिवसाला जास्तीत जास्त किती वेळा लागतो, आणि उणे शिल्लक ही सोय पूर्ण बंद करून व्यवहार सरळ नाकारण्याचा पर्याय आहे का. काउंटरवरच्या माणसाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर लेखी मागावं. ते कुठेतरी लिहिलेलं असतंच.

याच जातीचा दुसरा गोंधळ शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक यांचा. चेक भरला की रक्कम खात्यात दिसते, पण तो वटेपर्यंत ती वापरता येत नाही. उलट पेट्रोलपंप किंवा हॉटेल कार्डावर अंदाजे रक्कम अडकवून ठेवतं. खरं बिल लहान असलं तरी अडकवलेली रक्कम सुटायला काही दिवस जातात. चांगलं ॲप हे दोन आकडे वेगळे दाखवतं आणि कुठली रक्कम कुणी अडवली आहे तेही सांगतं. वाईट ॲप एकच मोठा आकडा दाखवतं, आणि त्याच्या भरवशावर माणूस भाड्याचे पैसे पाठवून मोकळा होतो. ॲप निवडताना रंगरूपापेक्षा हे बघावं. खातेउतारा किती वर्षं मागचा मिळतो, तो पीडीएफबरोबर तक्त्याच्या स्वरूपातही उतरवता येतो का, हेसुद्धा. करभरणीच्या वेळी आणि कर्ज घेताना याची किंमत कळते.

क्रेडिट युनियन की बँक, हा वाद बऱ्याचदा भावनेच्या भरात होतो. क्रेडिट युनियन ही सभासदांच्या मालकीची संस्था. मूळ जर्मनीतलं: फ्रीडरिश राइफायझन या गावप्रमुखाने सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी १८६४ साली हेड्डेसडॉर्फमध्ये पतपुरवठा संघ काढला. एकमेकांना ओळखणारी माणसं एकमेकांना जामीन राहतात आणि ओळखीमुळेच कर्ज बुडत नाही, ही त्यामागची समज. कॅनडात अल्फोन्स डेजार्दां याने ती कल्पना १९०० साली क्वेबेकमधल्या लेव्ही गावात रुजवली. तो संसदेतल्या भाषणांचा लघुलेखक होता आणि खासगी सावकारीची वर्णनं त्याच्या कानांवर तिथेच पडली होती. अमेरिकेतली पहिली क्रेडिट युनियन न्यू हॅम्पशायरमध्ये निघाली तीही त्याच्याच मदतीने, आणि १९३४ साली तिथे देशपातळीवरचा कायदा झाला. भारतातला १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदाही राइफायझनच्याच वळणावर गेलेला.

या इतिहासाचा आजच्या ग्राहकाला काय उपयोग? थोडा आहे. सभासद व्हायला एखादा समान धागा लागतो: एकाच मालकाकडची नोकरी, एकच व्यवसाय, एकच गाव किंवा जिल्हा. बचत खात्यातली पहिली छोटी रक्कम म्हणजे भाग, आणि तो भाग काढून घेतला तर सभासदत्व जातं. शिल्लक कितीही असो, मत एक. नफा बाहेरच्या भागधारकांना वाटायचा नसल्यामुळे तो स्वस्त कर्जातून, ठेवींवरच्या थोड्या जास्त लाभांशातून किंवा कमी शुल्कातून सभासदांकडे परत येऊ शकतो. अमेरिकेतल्या केंद्रीय सनदेच्या (केंद्र सरकारने परवाना दिलेल्या) क्रेडिट युनियनना बहुतेक कर्जांवर १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. तिथल्या बँकांच्या क्रेडिट कार्डांचे दर याच्या बरेच वर असतात. कार्डाची बाकी महिनोन्‌महिने राहत असेल तर हा एकच फरक सगळ्या सोयी-गैरसोयींवर भारी पडतो.

पण मतदानाच्या हक्कावर फार विसंबू नये. वार्षिक सभेला मोजकी डोकी असतात. लहान संस्थेचं संगणक-काम बाहेरची कंपनी बघते, त्यामुळे नवी सोय यायला वेळ लागतो. शाखा कमी असतात. हा तोटा अमेरिकेत पुष्कळशा क्रेडिट युनियन एकमेकांच्या शाखा आणि एटीएम वापरू देऊन भरून काढतात, तेव्हा आपली निवडलेली संस्था त्या जाळ्यात आहे का हे आधीच विचारावं.

सगळ्यांत महत्त्वाचं कलम मात्र कर्जाच्या कागदांत असतं. पुष्कळ क्रेडिट युनियनच्या करारात एका कर्जाचं तारण दुसऱ्या देण्यालाही लागू होतं. गाडीचं कर्ज फिटलं, तरी त्याच संस्थेचं क्रेडिट कार्ड थकलेलं असेल तर गाडीची कागदपत्रं सुटत नाहीत. खात्यातल्या शिल्लकेवरही संस्थेचा हक्क असतो. हप्ता थकला की पगारातून परस्पर वळता केला जातो. बँकांनाही थकलेलं कर्ज त्याच बँकेतल्या ठेवीतून वळतं करून घेण्याचा हक्क बहुतेक देशांत असतो. म्हणून एक साधा नियम पाळलेला बरा: मोठं कर्ज जिथे आहे तिथे पगाराचं खातं नको. व्याजात पाव टक्का सूट देतो म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी आणा, असा आग्रह होतो. नोकरी सुटण्याची जराही शक्यता असेल तर ती सूट घेऊ नये. अडचणीच्या महिन्यात आधी भाडं भरायचं की हप्ता, हे ठरवायचा अधिकार आपल्या हातात राहिला पाहिजे.

मोठी बँक म्हणजे भक्कम यंत्रणा, असंही गृहीत धरू नये. ब्रिटनमधल्या टीएसबीने २०१८च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारी सगळी खाती नव्या संगणक-यंत्रणेवर हलवली. सोमवारी १९ लाखांपर्यंत ग्राहक आपल्या खात्याबाहेर अडकले होते. काहींना दुसऱ्यांचीच खाती दिसली. पूर्ववत व्हायला महिने गेले आणि नियामकांनी २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ग्राहकाला त्या सोमवारी दंडाचा काय उपयोग? त्याला दुधाचे आणि प्रवासाचे पैसे हवे होते.

खातं गोठवलं जाणं हे याहून अवघड. मोठी रक्कम अचानक आली, परदेशातून पैसे आले, एकाच दिवशी बरीच नवी नावं जोडून पैसे पाठवले, की संशयास्पद व्यवहार शोधणारी यंत्रणा खातं अडवते. मग फोनवरचा माणूस काहीच सांगत नाही, आणि तो उद्धटपणा नसतो. ब्रिटनसह पुष्कळ देशांत चौकशी चालू असल्याचं ग्राहकाला कळवणं हाच गुन्हा आहे. तेव्हा कितीही चांगली बँक निवडली तरी दुसरं खातं हवंच, आणि ते खरोखर दुसरं हवं: वेगळा परवाना, जमलं तर वेगळ्या कंपनीचं कार्ड, वेगळं ॲप. त्यात महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम, आणि दर महिन्याला एखादी छोटी खरेदी त्याच कार्डावर. वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं निष्क्रिय होतं, आणि ते निष्क्रिय झाल्याचं नेमकं गरजेच्या दिवशी कळतं.

हे सगळं कागदावरून जेवढं कळतं त्याहून जास्त एका फोनवरून कळतं. खातं उघडण्याआधी ग्राहकसेवेला दोनदा फोन करावा, एकदा कामाच्या वेळी आणि एकदा रात्री उशिरा. माणूस यायला किती वेळ लागला ते घड्याळात बघावं. माणूस आला की एकच प्रश्न: माझा फोन आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी चोरीला गेले, तर पैसे मला कसे आणि किती वेळात मिळतील? शाखा असलेल्या संस्थेचं उत्तर सहसा असं असतं की ओळखपत्र घेऊन या, सही जुळवू, काउंटरवरून पैसे देऊ. फक्त ॲपवर चालणाऱ्या बँकेत आधी नवं सिमकार्ड, मग नवा फोन, मग चेहऱ्याची पडताळणी, मग टपालाने येणारं कार्ड. काही बँका या टप्प्यांसाठी पर्यायी रस्ता ठेवतात, काहींकडे तो नसतोच. ओटीपी फक्त मोबाइल क्रमांकावरच येत असेल आणि दुसरी कुठलीच पडताळणी नसेल, तर तुमचं सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर करून घेणाऱ्या ठगाच्या हाती सगळं खातं जातं. पडताळणी ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा सुरक्षा-किल्ली (ओळख पटवणारं छोटं उपकरण) चालते का, हा उपप्रश्न त्याच फोनवर विचारून घ्यावा. दिवसाला किती रक्कम पाठवता येते आणि ती मर्यादा वाढवायला किती दिवस लागतात, हेही. घराची अनामत भरायच्या दिवशी हा शोध लावण्यात अर्थ नाही.

घरातल्या दोघांचं संयुक्त खातं असेल तर ‘दोघांपैकी कोणीही’ आणि ‘दोघांच्या सहीने’ यातला फरक एका खुणेचा असतो, आणि तो खाते उघडण्याच्या अर्जात घाईत नजरेतून सुटतो. वारसनोंदही तिथेच करून टाकावी. भारतात नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत वारसनोंद करता येते.

निवड झाली की बदलायचं काम उरतं, आणि पुष्कळ जण इथेच कंटाळून जुन्या बँकेत राहतात. ब्रिटनमध्ये २०१३ पासून खातं बदलण्याची यंत्रणा आहे. सात कामाच्या दिवसांत हप्ते-बिलं भरण्याच्या सगळ्या सूचना नव्या बँकेत जातात आणि जुन्या खात्यावर आलेले पैसे पुढे किमान तीन वर्षं आपोआप वळवले जातात. अशी सोय नसेल तिथे हाताने करावं लागतं, आणि क्रम महत्त्वाचा. आधी जुन्या खात्याचा तेरा महिन्यांचा उतारा काढावा. बारा महिन्यांचा काढला तर वर्षातून एकदा जाणारी रक्कम, एखादा विम्याचा हप्ता किंवा वर्गणी, तारीख दोन दिवस मागेपुढे झाल्यामुळे निसटते. त्यातून ज्या रकमा समोरचा ओढून घेतो त्या एका बाजूला, ज्या आपण पाठवतो त्या दुसऱ्या बाजूला, आणि कार्डाचा क्रमांक जिथे जिथे नोंदवलेला आहे त्या तिसऱ्या बाजूला लिहाव्यात. तिसरी यादी सगळ्यांत लांब निघते आणि तीच विसरली जाते.

मग नव्या खात्यात छोटी रक्कम पाठवून ती परत मागवून बघावी. दोन्ही दिशा चालल्या की पगार वळवावा, पण पहिला पगार नव्या खात्यात प्रत्यक्ष दिसेपर्यंत एकही हप्ता हलवू नये. त्यानंतर समोरून ओढल्या जाणाऱ्या रकमा, शेवटी कार्डावरच्या. जुन्या खात्यात या काळात एका महिन्याच्या हप्त्यांइतकी रक्कम राहू द्यावी, कारण सूचना बदलल्याचा निरोप पोचूनही एखादी रक्कम जुन्या खात्यातूनच ओढली जाते. जुनं कार्डही लगेच कापू नये. परत केलेल्या वस्तूचे पैसे ज्या कार्डावरून भरले त्यावरच येतात.

बंद करण्याआधी सगळे उतारे उतरवून घ्यावेत. खातं बंद झालं की ॲपचा प्रवेश संपतो आणि मग जुन्या उताऱ्यासाठी अर्ज, शुल्क, वाट बघणं. बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि शिल्लक शून्य झाल्याचं, खातं बंद झाल्याचं पत्र तारखेसह मागून घ्यावं. तोंडी सांगून आणि शिल्लक काढून घेऊन खातं बंद होत नाही. काही बँका अशा खात्यावर एखादी विसरलेली रक्कम आली की ते पुन्हा चालू करतात, त्यावर शुल्क साचत जातं, आणि दोन वर्षांनी वसुलीचं पत्र येतं. त्या दिवशी ते तारखेचं पत्र हाताशी असलं तर काम एका ईमेलमध्ये संपतं.